हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन शिकायचं आहे : नोकरी सोडून दोन वर्षं, की नोकरीत राहून डिप्लोमा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी बीएएमएस आहे आणि मिरजेत ११० खाटांच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून काम करते. ड्युटी रोस्टर, टीपीएचे (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपन्यांचे) क्लेम आणि एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जा-मानांकनाची) कागदपत्रं हळूहळू माझ्याकडे आली आहेत. हे काम मला मनापासून आवडतं, आणि पुढे यातच राहायचं आहे.

एमएचए (मास्टर ऑफ हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन), एमबीए, पीजीडीएम, एमडी, एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) यांत नेमका फरक काय, आणि बीएएमएसला यांतलं काय काय खुलं आहे? नोकरी सोडून पूर्णवेळ दोन वर्षं द्यावीत, की इग्नूसारखा डिप्लोमा नोकरीत राहून करावा? कॉलेज निवडताना माहितीपत्रकाच्या पलीकडे काय तपासायचं? आणि डेझर्टेशनला (प्रबंधाला) 'डिस्चार्जला होणारा उशीर' हा विषय घेतला तर चालेल का? आमच्याकडे रोजचं भांडण त्यावरूनच होतं.

शक्यतो महाराष्ट्र किंवा गोव्यातच शिकायचं आहे. कर्ज काढावं लागणार, त्यामुळे नीट विचारून ठरवते आहे.

पाटीपुस्तक

डॉक्टर, आधी तुमच्यासाठी जे बंद आहे ते बाजूला काढू या. एमडी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन (दिल्लीचं एम्स, पुण्याचं एएफएमसी वगैरे) आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं या विषयातलं डीएनबी, दोन्ही तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. प्रवेश नीट-पीजीतून (एम्सला आयएनआय-सीईटीतून) होतो आणि एमबीबीएस लागतं. मेडिकल कॉलेजात या विषयाचे प्राध्यापक व्हायचं असेल तर तोच रस्ता. तुमच्या कामासाठी त्याची गरज नाही.

एमपीएच हे लोकसंख्येच्या आरोग्याचं शिक्षण. साथरोगशास्त्र, आरोग्य कार्यक्रमांची आखणी, सर्वेक्षण, धोरण. त्यातून जिल्हा आरोग्य यंत्रणा, एनएचएम (राष्ट्रीय आरोग्य अभियान), संशोधन संस्था अशा वाटा निघतात. वॉर्ड, ओटी (ऑपरेशन थिएटर), बिलिंग, स्टोअर यांत रस असलेली माणसं एमपीएचला गेली की दुसऱ्या सेमिस्टरला अस्वस्थ होतात.

उरले एमएचए, एमबीए आणि पीजीडीएम. तिन्हींना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो आणि विषय बरेचसे सारखेच. फरक कागदाचा आहे, पण तो कागद पुढे आडवा येऊ शकतो. एमएचए आणि एमबीए या विद्यापीठाच्या पदव्या. पीजीडीएम हा स्वायत्त संस्थेचा डिप्लोमा, त्याला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता लागते. खाजगी हॉस्पिटलं यात भेद करत नाहीत. पण पुढे पीएचडी करायची किंवा पदव्युत्तर पदवी मागणाऱ्या सरकारी जागेला अर्ज करायचा, तर पीजीडीएमला एआयूची (भारतीय विद्यापीठ संघाची) समकक्षता, म्हणजे पदवीइतकाच दर्जा, आहे का, हे विचारलं जातं. ती संस्थेला मिळालेली असते किंवा नसते, विद्यार्थ्याला नंतर मिळवता येत नाही. म्हणून प्रवेशाआधीच समकक्षतेचं पत्र मागा, आणि त्यावरची मुदत वाचा.

आता ठिकाणं. मुंबईत देवनारला टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं) एमएचए, या क्षेत्रातलं जुनं आणि वजनदार नाव. तिथली प्रवेश परीक्षा मधल्या काळात बदलली (२०२३ मध्ये टिसनेट जाऊन सीयूईटी-पीजी आली), त्यामुळे जुन्या सीनियरच्या सांगण्यावर विसंबू नका, यंदाची अधिसूचनाच वाचा. पुण्यात सिम्बायोसिसचं हॉस्पिटल व हेल्थकेअरमधलं एमबीए, त्याला डिसेंबरमधली स्नॅप ही प्रवेश परीक्षा. मुंबईत सोमय्या आणि वेलिंगकर यांच्याकडे हेल्थकेअरचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. गोव्यात साखळीजवळ गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचा हेल्थकेअर मॅनेजमेंटचा पीजीडीएम आहे, त्याला कॅट किंवा झॅटसारखी परीक्षा. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर जयपूरचं आयआयएचएमआर, १९८४ पासून याच एका विषयाला वाहिलेलं.

यांखेरीज राज्याची एमबीए-सीईटी आहे. पदवीला ५० टक्के, महाराष्ट्रातल्या आरक्षित प्रवर्गांना ४५. काही कॉलेजांत हॉस्पिटल किंवा हेल्थकेअर हे स्पेशलायझेशन मिळतं. खर्चाच्या दृष्टीने हा मार्ग नीट पाहा. कॅपमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश घेतला आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत खुल्या प्रवर्गालाही निम्मी शिक्षण फी मिळू शकते. अभिमत विद्यापीठात गेलात की ती सवलत सुटली. कर्जाचा हिशेब करताना दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा.

नोकरीत राहून करायचं तर इग्नूचा हॉस्पिटल व हेल्थ मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा किमान एका वर्षाचा आहे. टिसही नोकरदारांसाठी एक्झिक्युटिव्ह डिप्लोमा चालवत आलं आहे, त्यात घरून अभ्यास आणि मधेमधे कॅम्पसवर वर्ग असतात. पात्रतेत कोणत्या पदवीला किती अनुभव लागतो ते माहितीपत्रकात आपल्या पदवीच्या नावासमोर पाहून घ्या.

चौथा मजला

वरचा प्रतिसाद नेमका आहे. मी नोकरीवर घेणाऱ्या बाजूने लिहितो.

पूर्णवेळ की डिप्लोमा, याचा निकाल तुमच्या सध्याच्या हॉस्पिटलवर आहे. ट्रस्ट तुम्हाला ॲडमिनिस्ट्रेटर करणार हे लेखी ठरत असेल, तर डिप्लोमा पुरेसा आहे. आज शिकलेलं उद्या वॉर्डात वापरता येईल. पण तिथून बाहेर पडून ३००-४०० खाटांच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात ऑपरेशन्समध्ये जायचं असेल, तर डिप्लोमावर पहिली चाळणी पार करणं अवघड जातं. तिथे अर्ज छाननारा एचआर 'पूर्णवेळ दोन वर्षं' हीच अट लावून बसलेला असतो. तुमचा क्लिनिकल अनुभव त्याला मुलाखतीत कळेल, पण मुलाखतीपर्यंत पोहोचायला हवं.

कॉलेज तपासताना प्लेसमेंटच्या पत्रकावर सरासरी पॅकेज छापलेलं असतं. त्याऐवजी मध्यक मागा, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधल्या विद्यार्थ्याचा पगार. दोन जणांना मोठ्या कन्सल्टिंग कंपनीत घेतलं की सरासरी वर जाते, मध्यक जागेवरच राहतो. मग विचारा की बॅचमधले किती जण प्रत्यक्ष हॉस्पिटलात लागले. हेल्थकेअरच्या नावाखाली औषध कंपनीची विक्री, विमा कंपनीचं क्लेम प्रोसेसिंग, आयटीतलं काम असं सगळं मोजलं जातं. वाईट नाही त्यात काही, पण तुम्हाला हवं ते नाही. आणि किती जणांनी प्लेसमेंटच घेतली नाही, तो आकडा पत्रकात कुठे आहे ते शोधा.

दुसरी गोष्ट इंटर्नशिप. माझ्या मते निवडीचा खरा निकष हाच. किती आठवडे, कोणत्या हॉस्पिटलात, आणि तिथे विद्यार्थ्यावर देखरेख कोणाची? इंटर्नला फ्रंट ऑफिसला बसवून फीडबॅक फॉर्म भरून घेणारी हॉस्पिटलं खूप आहेत. त्यातून काहीही शिकायला मिळत नाही. चांगल्या इंटर्नशिपमध्ये स्टोअर, सीएसएसडी (उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग), एमआरडी (रुग्णांच्या नोंदींचा विभाग), बिलिंग, बायोमेडिकल इंजिनिअरिंग, हाउसकीपिंग या सगळ्या खात्यांत आळीपाळीने बसवतात, आणि शेवटी एक प्रश्न तुमच्या गळ्यात टाकतात. मागच्या बॅचच्या दोन विद्यार्थ्यांना गाठा आणि एवढंच विचारा, 'इंटर्नशिपमध्ये एचआयएसचा (हॉस्पिटलच्या संगणक प्रणालीचा) डेटा हाताळायला मिळाला का?' उत्तर नाही आलं तर त्या कॉलेजाची इमारत कितीही सुंदर असो, पुढे जा.

मुलाखतीत काय विचारलं जातं त्याचा नमुना देतो, कारण त्यावरून अभ्यासात कुठे जोर द्यायचा हे कळेल.

तुमच्याच ११० खाटा घेऊ. ३० दिवसांचा महिना, म्हणजे ३,३०० खाटा-दिवस. रुग्णांनी त्यांतले २,६४० वापरले तर ऑक्युपन्सी (भरलेल्या खाटांचं प्रमाण) ८० टक्के. त्या महिन्यात ६६० डिस्चार्ज झाले तर सरासरी मुक्काम ४ दिवस. आता मुक्काम साडेतीन दिवसांवर आला तर ३३० खाटा-दिवस मोकळे झाले, म्हणजे एकही खाट न वाढवता आणखी ९४ रुग्णांची सोय. हे कागद-पेन घेऊन दोन मिनिटांत यायला हवं.

दुसरा नेहमीचा प्रश्न नर्सिंगचा. ३० खाटांचा जनरल वॉर्ड, दर सहा रुग्णांमागे एक सिस्टर, तीन शिफ्ट. किती सिस्टर लागतील? निम्मे उमेदवार १५ म्हणतात. पण प्रत्येकीला आठवड्याची सुट्टी आहे, रजा आहेत. ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि ३० रजा-सण काढले तर एक सिस्टर वर्षात २८३ दिवस मिळते. ३६५ भागिले २८३, म्हणजे जवळपास १.३. पंधराला १.३ ने गुणलं की १९.५, म्हणजे २० सिस्टर. हा ३० टक्क्यांचा रजा-राखीव भाग पकडला नाही की रोस्टर महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात कोसळतं, डबल ड्युट्या लागतात, आणि मग राजीनामे येतात. तुम्ही रोस्टर लावता, त्यामुळे हे तुम्हाला अनुभवाने माहीत असेलच. अभ्यासक्रमात ते आकड्यात मांडायला शिकवतात आणि ट्रस्टींसमोर आकडाच चालतो.

ओटी लिस्ट

डेझर्टेशनवर लिहितो. डिस्चार्जचा उशीर हा विषय उत्तम आहे, पण दर बॅचला पाच-सहा जण तो घेतात आणि बहुतेकांचा प्रबंध 'टीपीएमुळे उशीर होतो, समन्वय वाढवावा' या वाक्यावर संपतो. तो वेगळा व्हायचा असेल तर मोजणीतच मेहनत घ्या.

डिस्चार्ज ही एक घटना नाही, साखळी आहे. कन्सल्टंटने राउंडला 'उद्या सोडा' किंवा 'आज सोडा' म्हटलं ती वेळ; फाइलमध्ये ऑर्डर लिहिली ती वेळ; डिस्चार्ज समरीचा मसुदा तयार; कन्सल्टंटची सही; वॉर्डातून फार्मसी रिटर्न (न वापरलेली औषधं) गेलं; फार्मसीने क्लिअर केलं; फायनल बिल निघालं; टीपीएला गेलं; मंजुरी आली; पैसे भरले; रुग्ण प्रत्यक्ष खाटेवरून उठला; मावशींनी खाट तयार केली. या बाराही ठिकाणी घड्याळ लावा. रोख, विमा आणि शासकीय योजना हे तीन गट पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, नाहीतर तिन्हींची भेसळ होऊन आकडा निरर्थक होतो.

इथे पहिली फसगत एचआयएसची. सिस्टीममधली वेळ ही नोंद केल्याची वेळ असते, काम झाल्याची नव्हे. वॉर्ड सिस्टर कामाच्या रगाड्यात असतात आणि शिफ्ट संपताना चार रुग्णांच्या नोंदी एकदम करतात. मग डेटात दिसतं की चौघांचं फार्मसी रिटर्न दुपारी १.५० ते १.५५ मध्ये झालं. अशी गर्दी दिसली की समजायचं, ही खरी वेळ नाही. म्हणून निदान दोन आठवडे, रविवार-सोमवार धरून, स्वतः किंवा इंटर्नला उभं करून हाताने वेळा टिपा, आणि त्या एचआयएसशी ताडून पाहा. दोन्हींतली तफावत हाच प्रबंधातला एक चांगला निष्कर्ष होतो.

सरासरी देऊ नका. एखादा रुग्ण पैशांची जुळवाजुळव करत संध्याकाळपर्यंत थांबतो आणि सरासरी बिघडवतो. मध्यक द्या, सोबत ९० वा शतमान द्या, म्हणजे दहातल्या नऊ रुग्णांना किती वेळात सोडलं ते कळतं.

विम्याच्या गटात एक पक्का मापदंड हाताशी आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी हॉस्पिटलकडून विनंती गेल्यापासून तीन तासांत यायला हवी. घड्याळ विनंती गेल्यावर सुरू होतं, हे लक्षात घ्या. सकाळी दहाला डॉक्टरांनी सोडायला सांगितलं आणि तुमचं फायनल बिल दोनला गेलं, तर ते चार तास विमा कंपनीचे नाहीत. समरीतलं निदान आणि प्री-ऑथमधलं (विमा कंपनीच्या पूर्वमंजुरीतलं) निदान जुळत नाही, इम्प्लांटचं स्टिकर किंवा इन्व्हॉइस जोडलेलं नाही, तपासणीचं बिल आहे पण रिपोर्ट नाही, अशा क्वेरींचा हिशेब वेगळा मांडा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या केसेसमध्येही तोच धडा. पैसे अडतात ते बहुधा कागद अपुरा असल्यामुळे, आणि तो कागद डिस्चार्जनंतर गोळा करणं फार कठीण. दाखल झाल्या दिवसापासून फाइल पाहणारा एक माणूस नेमणं हा उपाय.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. डिस्चार्ज संध्याकाळी पाचवरून दुपारी एकवर आणला म्हणून सरासरी मुक्काम कमी होत नाही. खाटांची मोजणी मध्यरात्रीच्या सेन्ससवर (दाखल रुग्णांच्या गणनेवर) होते. पाच वाजता गेलेला आणि एक वाजता गेलेला रुग्ण, दोघेही त्या रात्रीच्या मोजणीत नाहीत. तरी कितीतरी प्रबंधांत 'उशीर कमी केल्याने मुक्काम घटला व उत्पन्न वाढलं' असं लिहिलेलं असतं, आणि जाणता परीक्षक तिथेच धरतो. 'चौथा मजला' यांनी वर जे अर्ध्या दिवसाचं गणित मांडलं ते वेगळ्या कामांनी साधतं : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी उगाच दाखल न करणं, तपासण्यांचे रिपोर्ट लवकर येणं, रविवारी कन्सल्टंटचा राउंड होणं. दुपारी एकच्या डिस्चार्जचा फायदा दिसतो तो कॅज्युअल्टीत खाटेची वाट पाहणाऱ्यांच्या वेळेत, रिकव्हरीत अडकून पडलेल्या रुग्णांत आणि खाट नाही म्हणून पुढे ढकललेल्या ऑपरेशनांत. तेच मोजा.

सुरू करण्याआधी एथिक्स कमिटीची आणि वैद्यकीय संचालकांची लेखी परवानगी घ्या. रुग्णाचं नाव किंवा मोबाइल नंबर तुमच्या एक्सेल शीटमध्ये नको, फक्त क्रमांक ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर यात ढिलाई परवडणारी नाही.

कृष्णाकाठ

मध्यरात्रीच्या सेन्ससचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. सगळ्यांचे मनापासून आभार.

आणखी एक विचारते. माहितीपत्रकांत 'हेल्थकेअर लीडरशिप' हा शब्द सगळीकडे दिसतो. आमच्याकडे खरी अडचण तीच आहे. कन्सल्टंट पगारी नाहीत, वयाने आणि मानाने मोठे आहेत, त्यांना सांगायचं कसं? नेतृत्व खरंच वर्गात शिकवता येतं का?

पाटीपुस्तक

येतं, पण भाषणांनी नाही. तुम्ही म्हणता तीच हॉस्पिटलची मूळ अडचण आहे. कारखान्यात मॅनेजरच्या हाताखाली कामगार असतात. हॉस्पिटलात ज्यांच्या निर्णयावर खर्च, मुक्काम आणि सुरक्षितता ठरते, त्या डॉक्टरांवर ॲडमिनिस्ट्रेटरचा हुकूम चालत नाही. म्हणून तुमच्या हातात काय उरतं? विश्वासार्ह आकडे, समित्यांचं कामकाज, आणि आधी स्वतःची बाजू नीट करण्याची शिस्त.

ओटीचं उदाहरण घ्या. पहिली केस आठला लागायची ती आठ-चाळीसला लागते. तीन ओटी, महिन्याचे २६ दिवस, रोज ४० मिनिटं. ३,१२० मिनिटं, म्हणजे ५२ तास वाया. नवखा मॅनेजर हा आकडा घेऊन सर्जनकडे जातो आणि ऐकून घेऊन परत येतो. शहाणा मॅनेजर आधी उशिराची कारणं वेगळी करतो. संमतीपत्रावर सही नाही, प्री-ॲनेस्थेटिक तपासणी अपुरी, वॉर्डातून रुग्ण उशिरा निघाला, लिफ्ट अडकली, सीएसएसडीतून सेट आला नाही, भूलतज्ज्ञ दुसऱ्या हॉस्पिटलात, सर्जन उशिरा. या यादीत पहिली पाच कारणं हॉस्पिटलची आहेत. ती महिनाभरात दुरुस्त करा. मग उरलेला आकडा घेऊन त्या सर्जनला एकट्याला भेटा, त्यांचाच डेटा दाखवा, आणि विचारा, 'सर, तुमची लिस्ट साडेआठची ठेवू का?' पुष्कळदा ते हो म्हणतात, कारण त्यांची सकाळची ओपीडी दुसरीकडे असते आणि आठची वेळ त्यांनी कधी मान्यच केलेली नसते. नावांसकट तक्ता नोटीस बोर्डावर लावलात तर मात्र ते दार कायमचं बंद झालं म्हणून समजा.

दुसरा प्रसंग, जो चांगल्या अभ्यासक्रमात हमखास घेतात. वॉर्डात चुकीचं इंजेक्शन गेलं. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची ॲम्प्युल आणि डिस्टिल्ड वॉटरची ॲम्प्युल एकाच ट्रेमध्ये, दिसायला सारख्या. पहिली प्रतिक्रिया असते मेमो देण्याची. मूळ कारणाचा शोध घ्यायचा तर प्रश्न असे : घट्ट पोटॅशियम जनरल वॉर्डात होतंच कशाला? कारण जुन्या इंडेंटमध्ये (औषधांच्या मागणीपत्रात) ते कायमचं छापलेलं आहे. ट्रेला कप्पे का नाहीत? कारण खरेदीला ते किरकोळ वाटलं. दोघींनी तपासून द्यायचा नियम का मोडला? कारण रात्री वॉर्डात एकच सिस्टर होती. म्हणजे दुरुस्ती इंडेंटमध्ये, खरेदीत आणि रोस्टरमध्ये. ॲम्प्युल वॉर्डातून काढून आयसीयू आणि फार्मसीपुरती ठेवायची, वेगळ्या कप्प्यात, लाल लेबल लावून. सिस्टरला मेमो दिला असता तर ट्रे तसाच राहिला असता, आणि पुढची चूक कोणी कळवलीही नसती.

तर कॉलेजला विचारा, असे प्रसंग वर्गात घेता का, आणि शिकवायला चालू नोकरीतले मेडिकल सुपरिंटेंडेंट, नर्सिंग सुपरिंटेंडेंट, फार्मसी प्रमुख येतात का? नेतृत्वाचे तास फक्त सर्वसाधारण मॅनेजमेंटचे प्राध्यापक घेत असतील तर हा भाग कच्चा राहतो.

फॉर्म एफ

कायद्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. परीक्षेत तो दहा-पंधरा मार्कांचा असतो, नोकरीत मात्र रोज असतो. बरीच पाठ्यपुस्तकं २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्यावर पानंच्या पानं खर्च करतात. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो, आणि २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणं आलं.

तारखांची वही पहिल्या आठवड्यात करा. पीसीपीएनडीटीचा (गर्भलिंग निदानबंदी कायद्याचा) मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. सोनोग्राफीच्या फॉर्म एफमध्ये एक रकाना कोरा राहिला तरी प्रकरण गंभीर होतं, म्हणून तपासणी रोजच्या रोज. अग्निसुरक्षेचं फॉर्म बी प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत. जैववैद्यकीय कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, आणि त्याचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाच्या आगीत १० बाळं गेली. फायर ऑडिट हे फाइलमधलं प्रमाणपत्र समजणाऱ्या प्रत्येक ॲडमिनिस्ट्रेटरने ती तारीख लक्षात ठेवावी. नवजात कक्ष आणि आयसीयूत रात्री तीन वाजता वीज तोडायची कोणी, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि रुग्ण कोणत्या दाराने काढायचे, हे रात्रपाळीच्या सिस्टर आणि वॉर्डबॉयला तोंडपाठ हवं. मॉक ड्रिल दिवसाच घेतली तर तिचा उपयोग निम्मा.

एनएबीएचचं काम तुमच्याकडे आहेच. पाचव्या आवृत्तीत १० प्रकरणं, १०० मानकं आणि ६५१ घटक होते. २०२५ मध्ये सहावी आवृत्ती आली, तेव्हा जुन्या नोट्सवरून तयारी करू नका.

पांढरी टोपी

बीएस्सी नर्सिंग आणि वॉर्ड इन्चार्ज असेल तर हाच सल्ला लागू का? की एमएस्सी नर्सिंगच करावं?

चौथा मजला

सिस्टर, नर्सिंग सुपरिंटेंडेंट किंवा कॉलेजात शिकवायचं असेल तर एमएस्सी नर्सिंगच. नर्सिंगच्या वरच्या पदांना तीच पदवी मागतात. ऑपरेशन्स किंवा क्वालिटीकडे वळायचं असेल तर एमएचए किंवा एमबीए. क्वालिटी विभागाला तर वॉर्ड इन्चार्ज मिळाली की सोनं, कारण ऑडिटच्या चेकलिस्टवर 'हो' लिहिलेलं आणि प्रत्यक्षात 'नाही' असलेलं तिला लगेच दिसतं. त्या वाटेसाठी काहो या मानांकित हॉस्पिटलांच्या संघटनेचा सीपीक्यूआयएच हा छोटा क्वालिटीचा अभ्यासक्रम नोकरीत राहून आधी करून पाहता येतो.

टेम्सपार

परदेशाचा विचार कोणी करत असेल तर ब्रिटनबद्दल थोडं. तिथली हेल्थकेअर लीडरशिप किंवा मॅनेजमेंटची एमएस्सी एका वर्षात होते, पण ती एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) चौकटीत शिकवली जाते : करातून चालणारी सेवा, प्रतीक्षा यादी, ठरलेलं बजेट. पॅकेज रेट, टीपीए, डिपॉझिट हे त्यात नाही. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो १८ महिन्यांचा होणार. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगारमर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे. एनएचएसमधल्या बँड ५ या पगारश्रेणीच्या प्रशासकीय जागेचा सुरुवातीचा पगार त्याच्या बराच खाली, २०२५-२६ मध्ये ३१ हजारांच्या आसपास होता. म्हणजे 'तिकडे शिकून तिकडेच नोकरी' हे गृहीत धरून कर्ज काढणं धोक्याचं. परत येऊन इथेच काम करायचं असेल, तर तेवढ्या पैशात इथली चांगली संस्था अधिक उपयोगी.

कृष्णाकाठ

सगळं वाचून असं ठरतंय : ट्रस्टींना पदाबद्दल लेखी विचारायचं, आणि उत्तर यायची वाट न पाहता एमबीए-सीईटी आणि स्नॅप दोन्ही द्यायच्या. प्रवेश होईपर्यंत हातात काही महिने आहेत. या काळात काय करून ठेवू, ज्याचा अभ्यासक्रमात फायदा होईल?

ओटी लिस्ट

तीन कामं करा. एक, एक्सेल पक्कं करा : पिव्होट टेबल, व्हीलुकअप, आणि दोन वेळांमधलं अंतर काढणं. रात्री बारा ओलांडणाऱ्या वेळा वजा करताना उत्तर चुकीचं येतं, म्हणून तारीख आणि वेळ एकाच रकान्यात ठेवायची सवय लावा. दोन, फार्मसीकडून वर्षाच्या खपाची यादी घ्या आणि प्रत्येक औषधावरच्या वर्षाच्या एकूण खर्चाच्या उतरत्या क्रमाने लावा. साधारण १० टक्के औषधांवर ७० टक्के खर्च होताना दिसेल, तो ए गट. मग प्रत्येक औषधासमोर जीवरक्षक, आवश्यक की ऐच्छिक हे लिहा. तुम्ही डॉक्टर आहात, हे तुम्हाला बिगर-वैद्यकीय विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं जमेल. जीवरक्षक पण स्वस्त असलेली औषधं नीट पाहा. खर्च किरकोळ म्हणून खरेदीचं तिकडे लक्ष नसतं आणि नेमकी तीच रात्री दोनला संपतात.

तीन, डिस्चार्जच्या त्या बारा वेळांचा एक पानी तक्ता छापून एका वॉर्डात आठवडाभर चालवून पाहा. इन्चार्ज सिस्टरना आधी विचारा की कोणते रकाने त्यांना भरणं शक्य नाही. बहुधा 'समरीवर सही झाली' ही वेळ कोणालाच माहीत नसते, कारण फाइल कन्सल्टंटच्या ओपीडीत गेलेली असते. तिथे ओपीडीच्या अटेंडंटला एक वही द्या. फाइल आली, फाइल गेली, एवढ्याच दोन वेळा.